शंभर नंबर आणि पंधरा पैशांचं कार्ड

लंडनच्या 'दे ला रू' कंपनीकडून बोटीने येणारी भारताची टपाल तिकिटं १९२६ पासून नाशिकरोडला छापली जाऊ लागली. इंडिया सिक्युरिटी प्रेसच्या त्याच आवारातून पुढे पोस्टकार्डं आणि आंतरदेशीय पत्रंही देशभर रवाना होत राहिली. ऐंशीच्या दशकात पोस्टकार्डाची किंमत होती पंधरा पैसे. महाराष्ट्रातल्या घराघरांतून ही कार्डं लग्नाच्या बोलणीसाठी, खुशाली कळवण्यासाठी, नोकरीच्या चौकशीसाठी गेली. तशीच ती 'दूरदर्शन केंद्र, वरळी, मुंबई' या पत्त्यावरही ढिगाने गेली. परवाच्या भागात इन्स्पेक्टर बरोबर वागला का, खुनी आधीच कसा ओळखू आला, शेवट का पटला नाही, हे मालिका करणाऱ्यांना कळवायचं तर सामान्य माणसाच्या हाती याहून सोपं आणि स्वस्त साधन नव्हतं.

टीव्हीवरच्या गुन्हेकथेबद्दल मत देण्याच्या या रिवाजाचा इतिहास सहसा नटांच्या, दिग्दर्शकांच्या आणि वाहिन्यांच्या अंगाने सांगितला जातो. प्रेक्षकाच्या अंगाने तो पाहायचा, तर नाशिकइतकी सोयीची जागा सापडणं कठीण. मत लिहिण्याची कार्डं छापणारा कारखाना इथे. ज्यांच्या कामावर या मालिका बेतल्या, त्या फौजदारांना घडवणारी संस्था इथे. त्र्यंबकेश्वरला १८७० मध्ये जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांची हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी इथलीच. आणि 'गावकरी' समूहाचं 'रसरंग' हे सिनेमा आणि खेळांचं साप्ताहिकही नाशिकहूनच निघे. त्याने फाळक्यांच्या नावाने मराठी चित्रपटांतल्या कलावंतांना पुरस्कार दिले. पडद्यावर जे दिसलं त्यावर छापील मत व्यक्त करायचं असतं, ही सवय या गावाला टीव्ही येण्याच्या कितीतरी आधीपासून होती.

कार्डांच्या काळापासून आजपर्यंत एक गोष्ट बदलली नाही. मराठी प्रेक्षकाने गुन्हेकथा आवडीने पाहिली, पण तिच्याबद्दल मत देताना तो पंचनाम्याच्या पंचासारखा वागला. जे दाखवलं ते जागेवर खरोखर तसं असू शकतं का, हे तपासल्याशिवाय त्याने सही केली नाही.

ही नजर आली कुठून? ती टीव्हीने दिलेली नाही. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि त्यांचे झुंजार आणि काळापहाड हे नायक महाराष्ट्राच्या गावोगावच्या वाचनालयांतून फिरले. त्यांच्यानंतर गुरुनाथ नाईक आले, सुहास शिरवळकर आले. हाताळून हाताळून पानं मऊ झालेली ही पुस्तकं रात्रीत संपवून सकाळी परत करायची, कारण मागे नंबर लावून कुणीतरी बसलेलं असे. १८४० मध्ये स्थापन झालेलं सार्वजनिक वाचनालय ज्या शहरात आहे, तिथे वाचणाऱ्यांची उणीव कधी नव्हतीच. रहस्यकथेच्या वाचकाला एक हिशेब पाठ असतो: लेखकाने दिलेला प्रत्येक दुवा शेवटी उपयोगी पडला पाहिजे, आणि शेवटी उघड होणारं प्रत्येक गुपित आधी कुठेतरी सूचित झालेलं असलं पाहिजे. दहाव्या पानावर दिसलेली छत्री शेवटच्या पानावर विसरली गेली, तर वाचक लेखकाला माफ करत नाही. हाच वाचक पुढे टीव्हीसमोर बसला.

रंगभूमीनेही त्याला तयार केलं होतं. आचार्य अत्र्यांचं 'तो मी नव्हेच' ८ ऑक्टोबर १९६२ ला दिल्लीत रंगभूमीवर आलं. प्रत्यक्षात घडलेल्या फसवणुकीच्या खटल्यावर बेतलेलं हे नाटक कोर्टातल्या खटल्याभोवती फिरतं. प्रभाकर पणशीकरांचा लखोबा लोखंडे साक्षीदारांसमोर बेधडक खोटं बोलतो आणि प्रेक्षागृहातला प्रत्येक माणूस मनातल्या मनात उलटतपासणी घेत राहतो. रेडिओवर विविध भारतीच्या प्रायोजित कार्यक्रमांत 'इन्स्पेक्टर ईगल' होता. तिथे पावलांचा आवाज, दाराची करकर आणि फोनची घंटी एवढ्यावर खून उभा राहायचा, आणि ऐकणाऱ्याचे कान तीक्ष्ण व्हायचे.

मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. त्याच वर्षी १५ ऑगस्टला टपालखात्याने पिनकोड आणला होता. सहा आकड्यांची ही पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याने आखली. टीव्ही आणि पत्त्यातले सहा आकडे असे एकाच वर्षी आले आणि पुढची दोन दशकं एकमेकांच्या सोबतीने चालले. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत टीव्ही घरात ठेवायचा तर त्याचा परवाना लागे, आणि तोही पोस्टातूनच मिळे. म्हणजे पाहण्याची परवानगी पोस्टाच्या खिडकीवर, आणि पाहिलेल्याबद्दलचं मतही त्याच खिडकीतून.

नाशिक दूरदर्शनच्या वरळीतल्या मनोऱ्यापासून पावणेदोनशे किलोमीटर दूर, आणि मध्ये कसाऱ्याचा घाट. मनोऱ्याच्या लहरी इतक्या लांब आणि डोंगराच्या पलीकडे धड पोचत नाहीत. घाटावरच्या गावांनी म्हणूनच उंच खांबांवर अँटेना चढवल्या, बूस्टर लावले, आणि पडद्यावरच्या मुंग्यांतून जे दिसेल ते पाहिलं. गच्चीवर एक जण अँटेना फिरवतोय, खाली दुसरा 'आलं, आलं, गेलं' असं ओरडतोय, हे त्या काळच्या घरोघरचं चित्र. १९८४ मध्ये सरकारने देशभर लघुशक्ती प्रक्षेपण केंद्रं उभारण्याचा धडाका लावला, तेव्हा काही महिने रोज सरासरी एक केंद्र सुरू होत होतं. त्या लाटेने लहानमोठ्या शहरांतलं चित्र स्वच्छ केलं.

चित्र स्वच्छ झालं तशी पत्रंही वाढली. ७ जुलै १९८४ ला सुरू झालेल्या 'हम लोग' या मालिकेला प्रेक्षकांची चार लाखांवर पत्रं आली. त्या पत्रांचा पुढे संशोधकांनी अभ्यास केला. लोक पात्रांना घरच्या माणसांसारखे सल्ले देत होते, असं त्यातून दिसलं. मुंबई केंद्रावर त्याआधीपासून 'ज्ञानदीप' होतं. आकाशानंदांच्या या कार्यक्रमाने महाराष्ट्रात ठिकठिकाणी प्रेक्षकांची ज्ञानदीप मंडळं उभी केली. एकत्र बसून पाहायचं, चर्चा करायची आणि केंद्राला कळवायचं, ही शिस्त त्या मंडळांनी लावली. रविवारच्या 'साप्ताहिकी'तून पुढच्या आठवड्याचे कार्यक्रम लिहून घेणारी माणसं तर प्रत्येक आळीत होती.

एका पोस्टकार्डावर जागा किती असते, हे हातात धरून पाहण्यासारखं आहे. चौदा सेंटिमीटर लांब, नऊ सेंटिमीटर रुंद. एक पूर्ण बाजू मजकुराला, आणि पत्त्याच्या बाजूचा डावा अर्धा भाग. 'सप्रेम नमस्कार, विनंती विशेष' यात एक ओळ जाते. मालिकेचं नाव आणि भागाची तारीख यात दुसरी. मग उरलेल्या दहाबारा ओळींत कौतुक, शंका आणि सूचना बसवायची. शाई पसरायची, अक्षर शेवटी शेवटी बारीक होत जायचं, राहिलेलं वाक्य समासात उभं लिहिलं जायचं. कार्ड उघडं असतं. पोस्टात ते टाकायच्या आधी घरातल्या थोरल्यांनी वाचलेलं असे, आणि वाटेत कुणीही वाचू शके. त्यामुळे मत जबाबदारीने लिहिलं जाई. खाली स्वतःचं नाव आणि पत्ता असे. इतक्या लहान जागेत एखाद्या भागाची चूक दाखवायची, तर ती नेमकी सांगावी लागे.

अशा पत्रांच्या काळात मुंबई दूरदर्शनवर 'एक शून्य शून्य' आली. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धातली ही मराठी मालिका मुंबई पोलिसांनी प्रत्यक्ष तपासलेल्या गुन्ह्यांवर आधारलेली होती. नाव पोलीस नियंत्रण कक्षाच्या शंभर या फोन नंबरावरून घेतलेलं. शिवाजी साटम आणि दीपक शिर्के यांचे चेहरे या मालिकेने घराघरांत नेले. साटम तेव्हा सेंट्रल बँकेत नोकरी करणारे रंगभूमीवरचे नट. मालिकेमागे होते बी. पी. सिंग, पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये छायाचित्रण शिकलेले आणि १९७३ पासून मुंबई दूरदर्शनच्या बातम्यांसाठी कॅमेरा खांद्यावर घेऊन फिरलेले. बातमीच्या कॅमेऱ्याने घटनास्थळं पाहिलेली असल्यामुळे त्यांच्या मालिकेत गुन्ह्याची जागा सजवलेली वाटत नसे. साधी खोली, साधी माणसं, चहाचा कप आणि प्रश्न विचारणारा थकलेला अधिकारी.

मराठी प्रेक्षकाला हे ताबडतोब ओळखीचं वाटलं. त्याआधी 'करमचंद'मध्ये पंकज कपूर गाजर खात खुनी पकडत होता, आणि लोकांनी तो डोक्यावर घेतला होता. पण करमचंद शेजारच्या पोलीस चौकीत भेटणारा माणूस नव्हता. 'एक शून्य शून्य'मधला अधिकारी तसा होता. म्हणून तिच्याबद्दलची मतंही निराळी असत. अभिनय छान झाला एवढ्यावर ती थांबत नसत. पोलीस खरंच असं करतात का, हा प्रश्न त्यांच्या मध्यभागी असे. १९९० च्या सुमारास रमेश भाटकरांची 'हॅलो इन्स्पेक्टर' आली, कुलदीप पवारांची 'परमवीर' आली. घरातला प्रश्न मात्र तोच राहिला.

त्या प्रश्नाचं उत्तर नाशिकमध्ये त्र्यंबक रस्त्यावर मिळत होतं. पुण्याजवळच्या भांबुर्ड्याला सुरू झालेली पोलीस प्रशिक्षण संस्था विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात नाशिकला आली. आज तिचं नाव महाराष्ट्र पोलीस अकादमी आहे. जुने नाशिककर अजूनही 'पीटीसी' म्हणतात. राज्याचे उपनिरीक्षक इथूनच बाहेर पडतात. परेडसोबत त्यांना इथे कायदा शिकवला जातो, घटनास्थळ कसं राखायचं, पंचनामा कसा लिहायचा, जबाब कसा नोंदवायचा, मुद्देमाल कसा सीलबंद करायचा ते शिकवलं जातं. दीक्षान्त संचलनाच्या दिवशी राज्यभरातून आईवडील येतात आणि खांद्यावरचे तारे पाहून डोळे पुसतात. पोलिसांशी असा घरोब्याचा संबंध असलेल्या शहरात टीव्हीवरचा इन्स्पेक्टर टोपी न घालता सॅल्यूट ठोकताना दिसला, तर ते खपून जाणं अवघडच.

टोपी आणि सॅल्यूट या वरवरच्या गोष्टी झाल्या. मालिकांची खरी अडचण शेवटच्या पाच मिनिटांत होते. संशयितांना एका खोलीत जमवायचं, अधिकाऱ्याने सगळी गोष्ट उलगडायची आणि गुन्हेगाराने 'होय, मीच केला खून' असं म्हणायचं, हा गुन्हेमालिकांचा ठरलेला शेवट. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याचं पंचविसावं कलम सांगत होतं की, पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालणार नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही हाच नियम तेविसाव्या कलमात कायम आहे. ज्या क्षणी प्रेक्षक सुटकेचा श्वास टाकतो, त्या क्षणी खऱ्या पोलिसाच्या हाती कोर्टात टिकणारं अजून काहीच नसतं. त्याला तो चाकू हवा, चाकूवरचे ठसे हवेत, पंच हवेत, आणि ते पंच कोर्टात फिरणार नाहीत याची खात्री हवी.

म्हणूनच वकिलाच्या, पोलिसाच्या किंवा न्यायालयीन कारकुनाच्या घरात गुन्हेमालिका पाहणं हा वेगळाच अनुभव असतो. पडद्यावर प्रयोगशाळेचा अहवाल चहा संपायच्या आत येतो. प्रत्यक्षात व्हिसेराचा अहवाल यायला महिने लागू शकतात, हे तिथे सगळ्यांना ठाऊक असतं. ही माणसं मालिका बंद करत नाहीत. ती पाहतात, चूक दाखवतात आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा बसतात. या चुका दाखवण्यातून शेजारपाजारच्या माणसांना पंचनामा म्हणजे काय, जामीनपात्र गुन्हा कोणता, पोलीस कोठडी आणि न्यायालयीन कोठडी यांत फरक काय, हे कळत गेलं. कायद्याचं इतकं शिक्षण कुठल्या सरकारी पत्रकाने दिलं असेल, असं वाटत नाही.

एखाद्या भागावर रागावलेले प्रेक्षक कार्डावर थांबले नाहीत, असंही घडलं. १९८५ मध्ये बासू चटर्जींची 'रजनी' लागत असे आणि प्रिया तेंडुलकरांची रजनी गॅस एजन्सीपासून टॅक्सीवाल्यांपर्यंत सगळ्यांना जाब विचारत असे. टॅक्सीचालकांवरचा भाग लागल्यावर मुंबईच्या टॅक्सीचालकांनी दूरदर्शनवर मोर्चा नेला. त्यांचं म्हणणं साधं होतं: काहींच्या वागण्यावरून सगळ्यांना चोर का ठरवलं? याच बासू चटर्जींनी १९९३ मध्ये 'ब्योमकेश बक्षी' केली. शरदिंदू बंद्योपाध्यायांचा हा बंगाली सत्यान्वेषी रजित कपूरने इतका शांत साकारला की, ती मालिका आजही पुन्हा पुन्हा पाहिली जाते. तिच्यात खुनी ओळखण्याचे सगळे दुवे प्रेक्षकासमोर ठेवलेले असत. अर्नाळकर वाचून वाढलेल्या माणसाला याहून अधिक काही नको होतं.

रहस्य फोडण्यावरून किती रान उठू शकतं, याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण जर्मनीतलं आहे. जानेवारी १९६२ मध्ये पश्चिम जर्मनीत फ्रान्सिस डरब्रिजच्या कथेवरची सहा भागांची 'दास हाल्सटुख' ही मालिका लागली. तिच्या वेळेला रस्ते ओस पडत; दहांतले जवळपास नऊ टीव्हीसंच तिच्यावरच लावलेले असत. शेवटचा भाग लागायच्या आदल्या दिवशी वोल्फगांग नॉइस या विनोदी नटाने वर्तमानपत्रात जाहिरात देऊन खुनी कोणता नट आहे ते सांगून टाकलं. लोक इतके भडकले की, एका मोठ्या वृत्तपत्राने त्याला देशद्रोही म्हटलं. मराठीत असा प्रसंग जाहिरातीतून घडला नाही, पण आधी पाहून आलेल्याने नाट्यगृहाच्या दारात शेवट सांगू नये, हा दंडक आपल्या रहस्यनाटकांनीही पाळायला लावला होता. खुनी कोण हे शोधण्याचा हक्क प्रत्येकाचा स्वतःचा असतो, यावर जर्मन आणि मराठी प्रेक्षकांचं एकमत होतं.

नव्वदच्या दशकात पत्रांचा ओघ इतका वाढला की टपालखात्याला दखल घ्यावी लागली. दूरदर्शनच्या 'सुरभी' या कार्यक्रमाला एका आठवड्यात चौदा लाखांवर पत्रं आली. रेणुका शहाणे आणि सिद्धार्थ काक त्या पत्रांच्या ढिगाशेजारी बसून प्रश्नस्पर्धेची उत्तरं देत. पंधरा पैशांचं कार्ड खात्याला तोट्यात टाकत होतं, म्हणून स्पर्धांसाठी वेगळं, महाग पोस्टकार्ड निघालं. पुढे त्याची किंमत दहा रुपये झाली. स्पर्धेच्या उत्तराला वेगळा भाव आला, साधं मत मात्र साध्या कार्डावर लिहिता येत राहिलं.

बी. पी. सिंगांनी मग आपला मराठी अनुभव हिंदीत नेला. २१ जानेवारी १९९८ ला सोनी वाहिनीवर 'सीआयडी' सुरू झाली. 'एक शून्य शून्य'मधले साटम इथे एसीपी प्रद्युम्न झाले. दयानंद शेट्टी आणि आदित्य श्रीवास्तव त्यांच्या जोडीला आले. मराठी घरांनी ही हिंदी मालिका आपलीच मानली, कारण तिची मुळं वरळीच्या दूरदर्शन केंद्रातच होती. दयाने लाथेने तोडलेली दारं आणि एसीपींची हवेत फिरणारी बोटं हा शाळकरी मुलांच्या नकलांचा ठेवा झाला.

या मालिकेचा एक भाग मात्र नकलेच्या पलीकडचा आहे. 'द इनहेरिटन्स' हा भाग ८ ऑक्टोबर २००४ ला लोणावळ्याला चित्रित झाला आणि ७ नोव्हेंबर २००४ ला लागला. एकशे अकरा मिनिटं कॅमेरा एकदाही थांबला नाही. एका दमात, एकाच शॉटमध्ये खून, तपास आणि उलगडा. गिनेस आणि लिम्का या दोन्ही विक्रमपुस्तिकांनी त्याची नोंद घेतली. असा भाग करताना काय लागतं, याचा विचार केला तर थक्क व्हायला होतं. नेहमीच्या चित्रीकरणात नट एक वाक्य चुकला तर पुन्हा घेता येतं. इथे शंभराव्या मिनिटाला कुणी अडखळलं तर पहिल्या मिनिटापासून पुन्हा सुरुवात. कॅमेरामनला खोलीतून खोलीत, जिन्यावरून खाली, दारातून बाहेर चालत राहायचं. दिवे कॅमेऱ्यात दिसता कामा नयेत, माइकची सावली भिंतीवर पडता कामा नये. ज्या नटाचं काम दहा मिनिटांनी येणार, त्याने कॅमेऱ्याच्या पाठीमागून चुपचाप पळत पुढच्या जागेवर जाऊन उभं राहायचं. लावून ठेवलेला प्रसंग संपेपर्यंत न थांबता उभा करणं ही मराठी नटांची रोजची भाकर. तीन अंकी नाटक करणाऱ्याला शंभर मिनिटं भूमिकेत राहण्याची भीती वाटत नाही, आणि साटम त्याच शाळेतले.

प्रेक्षकाच्या बाजूने या भागाचं वैशिष्ट्य निराळं आहे. कापाकापी नसल्यामुळे त्याच्यापासून काही लपवता येत नाही. कोण कुठून आलं, कुणाच्या हातात काय होतं, कुणाला बाहेर जायला वेळ मिळाला, हे सगळं तो सलग पाहत असतो. तपासणाऱ्या नजरेचा सन्मान करायचा तर यापेक्षा थेट मार्ग नाही. तांत्रिक विक्रम म्हणून तो लक्षात राहिला हे ठीक, पण प्रेक्षकावर टाकलेला विश्वास म्हणून तो अधिक मोलाचा आहे.

'सीआयडी' २७ ऑक्टोबर २०१८ ला, पंधराशे सत्तेचाळीस भागांनंतर थांबली, तेव्हा ती बंद करू नका म्हणून देशभरातून मागणी झाली. डिसेंबर २०२४ मध्ये ती परत आली. एप्रिल २०२५ मध्ये एका भागात एसीपी प्रद्युम्न स्फोटात मरण पावल्याचं दाखवलं गेलं आणि वाहिनीने रीतसर श्रद्धांजली वाहिली. प्रेक्षकांनी ते स्वीकारलं नाही. सत्तावीस वर्षं घरात येणारा माणूस एका भागात कसा जाऊ शकतो, हा त्यांचा सवाल होता. त्याच वर्षी साटम मालिकेत परतले. याला जुनं उदाहरण आहे. डिसेंबर १८९३ मध्ये आर्थर कॉनन डॉयलने शेरलॉक होम्सला धबधब्यात ढकललं, तेव्हा लंडनच्या 'स्ट्रँड' मासिकाच्या वाचकांनी रागाने पत्रं लिहिली, वर्गणी बंद केली. होम्सला जिवंत परत यायला १९०३ साल उजाडावं लागलं. एसीपींना काही महिनेच लागले.

मराठी वाहिन्यांवरच्या गुन्हेकथांनाही प्रेक्षकांनी असंच तपासलं. २०१६ मध्ये 'रात्रीस खेळ चाले' सुरू होताच सिंधुदुर्गातून हरकती आल्या: कोकणाची बदनामी होते, अंधश्रद्धेला खतपाणी मिळतं. २०२० मध्ये सुरू झालेली 'देवमाणूस' ही मालिका सातारा जिल्ह्यातल्या खऱ्या खूनसत्रावरून सुचलेली. गावाला देव वाटणारा डॉक्टर रात्री काय करतो, हे पाहताना लोक गुंतले, आणि खुन्यालाच नायक केल्याबद्दल त्यांनी जाबही विचारला. अशा तक्रारींसाठी २०११ पासून खाजगी वाहिन्यांची स्वतःची परिषद आहे आणि तिचा पत्ता पडद्याच्या तळाशी सरकत जाताना दिसतो. तरी वजन राहिलं ते आकड्यांना. किती घरांत मालिका लागली हे यंत्राला कळतं. त्या घरातल्या आजोबांना पंचनामा का पटला नाही, हे कळत नाही.

'एक शून्य शून्य'च्या काळात तिशीत असलेली माणसं आता सत्तरीत आहेत. प्रेसमध्ये कार्डं छापलेले निवृत्त कामगार, पीटीसीत शिकून राज्यभर तपास करून आलेले अधिकारी, त्यांच्या घरातल्या बायका, ज्यांनी सगळ्या मालिका शेवटपर्यंत पाहिल्या आणि खुनी बहुतेक वेळा पुरुषांच्या आधी ओळखला, अशी सगळी नाशिक परिसरात भेटू शकतात. त्यांच्या आठवणी नोंदवून घ्यायला हव्यात: कुणाच्या घरी बसून पाहिलं, कोणता शेवट पटला नाही, कार्डावर काय लिहिलं, उत्तर आलं का. 'रसरंग'चे आणि स्थानिक दैनिकांचे जुने अंक चाळून वाचकांच्या पत्रांची सूची करणं हे एखाद्या पत्रकारिता विभागाच्या विद्यार्थ्यांना वर्षभरात झेपेल असं काम आहे. सार्वजनिक वाचनालयाने त्यासाठी एक टेबल आणि एक कपाट दिलं, तर सुरुवात उद्याही होऊ शकेल. नियंत्रण कक्षाचा नंबर आता ११२ झाला आहे, आणि शंभर नंबर फिरवणाऱ्या पिढीला विचारायचे प्रश्न अजून बरेच शिल्लक आहेत.